विस्तवावरून उतरून किती वेळ झाला?

प्रश्न असा आहे: ‘तीन आठवड्यांसाठी परदेशात चाललो आहोत. काही दिवस मोठ्या शहरांत, काही दिवस आडवाटेच्या गावांत. सोबत मधुमेह असलेले सत्तरीचे वडील आणि सहा वर्षांची मुलगी. बाहेरचं खाणं टाळावं का? पाणी कोणतं प्यावं? आणि जुलाबासाठी अँटिबायोटिक बरोबर ठेवावं का?’

प्रवासात सगळंच खाणं बाहेरचं असतं. हॉटेलच्या खोलीत मागवलेलं असो, विमानातलं असो की रस्त्याकडेला उभ्याने खाल्लेलं, ते कोणी शिजवलं, कधी शिजवलं, कोणत्या पाण्याने धुतलं हे आपल्याला दिसत नाही. त्यामुळे ‘बाहेरचं टाळा’ हा सल्ला कामाचा नाही. प्रवासाला निघणाऱ्यांना आणि प्रवासाहून आजारी होऊन परतणाऱ्यांना मी वीसेक वर्षं तपासते आहे. त्यातून एक प्रश्न मी पक्का धरला आहे, तोच तुम्हालाही देते: समोरचा पदार्थ विस्तवावरून उतरून किती वेळ झाला?

या एका प्रश्नाने बरेच निर्णय सोपे होतात. साध्या गाडीवर तुमच्या डोळ्यांदेखत शिजून वाफाळत ताटात आलेला पदार्थ हा पंचतारांकित हॉटेलच्या बुफेत तीन तास कोमट पडून राहिलेल्या पदार्थापेक्षा बहुतेक वेळा सुरक्षित असतो. जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. पदार्थ आतपर्यंत ७० अंशांवर गेला की बहुतेक जंतू मरतात, पण तो खाली उतरून निवू लागला की घड्याळ पुन्हा सुरू होतं. शिजलेलं अन्न उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि उन्हाळा कडक असेल, पारा ३२ अंशांच्या वर असेल, तर एकाच तासात ते संशयास्पद समजावं. म्हणून बुफेत जायचंच असेल तर तो उघडतो तेव्हा जा, बंद होता होता नको. गर्दीची जागा निवडा, कारण तिथे अन्न पडून राहत नाही. जिथे स्थानिक कुटुंबं मुलाबाळांसह जेवत आहेत ती जागा रिकाम्या चकचकीत जागेपेक्षा मला जास्त विश्वासाची वाटते.

इथे एक गैरसमज काढायला हवा. ‘गरम करून दिलं म्हणजे झालं’ असं लोक धरून चालतात. ताजं शिजवलेलं आणि पुन्हा गरम केलेलं यांत मोठा फरक आहे. भाताचं उदाहरण घ्या. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही तगतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. स्टॅफिलोकॉकसचंही तसंच आहे. तो स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावरून, नाकातून, एखाद्या चिघळलेल्या जखमेतून अन्नात येतो. अन्न तापवलं की जिवाणू मरतो, त्याने आधीच तयार केलेलं विष मात्र शिल्लक राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरदार वांत्या सुरू झाल्या तर बहुधा असलंच काही पोटात गेलेलं असतं. ते सहसा दिवसभरात उतरतं आणि त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही.

काही माशांच्या बाबतीत तर चूल हरते. उष्ण समुद्रांतल्या प्रवाळ खडकांजवळचे मोठे शिकारी मासे, म्हणजे बराकुडा, ग्रूपर, मोरे ईल, यांच्या अंगात सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं. ते चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, शिजवून किंवा गोठवून जात नाही. आधी पोट बिघडतं, मग ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गार वस्तूला हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटतं. अशा किनाऱ्यांवर मोठा खडकमासा खाऊच नये, बराकुडा तर नाहीच. दुसरा प्रकार ट्यूना, मॅकेरलसारख्या माशांचा. पकडल्यावर ते पुरेसे थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात. लोकांना वाटतं आपल्याला माशाची ॲलर्जी आहे आणि ते जन्मभर मासे सोडतात. वास्तविक दोष त्या एका माशाच्या साठवणुकीचा असतो.

थंड पदार्थांत माझं सगळ्यात मोठं भांडण सॅलडशी आहे. पालेभाजीच्या घड्यांत माती आणि जंतू अडकतात, धुण्याचं पाणीच दूषित असेल तर धुण्यानेच भर पडते, आणि शिवाय ती कापणारे हात. जिथल्या नळाच्या पाण्याचा भरवसा नाही तिथे कच्चं सॅलड खाऊ नका, इतकं सरळ. फळं जरूर खा, मात्र अख्खी विकत घ्या आणि हात धुऊन स्वतः सोला. चिरून ठेवलेली फळं, टेबलावर दिवसभर उघडे असलेले सॉस, कच्च्या अंड्याचं मेयोनेझ, न तापवलेलं दूध आणि त्याचं चीज, कच्चे शिंपले हे सगळं वगळा. दूध पाश्चराइज केलेलं आहे का हे पाकिटावर वाचा. कोरड्या गोष्टी, पाव, बिस्किटं, सुकामेवा यांची काळजी नको.

पाण्याबद्दल थोडक्यात. सीलबंद बाटली घ्या आणि झाकण तुमच्यासमोर करकरत उघडलं पाहिजे. बाटली मिळत नसेल तर पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. क्लोरीनच्या गोळ्या बहुतेक जिवाणू-विषाणूंवर चालतात, क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर चालत नाहीत. गढूळ पाणी आधी गाळून घ्यावं लागतं, नाहीतर गोळी मातीतच खर्ची पडते. लोक बाटलीचं पाणी काटेकोरपणे पितात आणि त्याच जेवणात पेल्यात बर्फ घालून घेतात. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबून राहतात. दारूनेही तो बर्फ निर्जंतुक होत नाही. दात घासायलाही बाटलीतलंच पाणी वापरा. मुलीला हे शिकवायला दोन दिवस आधीपासून घरीच सराव करून घ्या. पोहण्याच्या तलावात तोंडात पाणी घ्यायचं नाही, हेही तिला सांगा. क्लोरीन घातलेल्या तलावातही क्रिप्टोस्पोरिडियम काही दिवस जिवंत राहतो.

दारूचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग विएंग या पर्यटनाच्या गावात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला. मिथेनॉलची चव आणि वास वेगळे कळत नाहीत. सुरुवातीला साधी नशा वाटते आणि खरी लक्षणं बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात: पोटात कळा, जोराचा श्वास, धूसर नजर, डोळ्यांसमोर पांढरं धुकं. ‘काल जास्त झाली’ म्हणून झोपून राहणाऱ्यांची दृष्टी जाते, प्राणही जातो. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. फुकट वाटलेली, सुट्टी ओतून दिलेली, सील नसलेली कुठलीही दारू घेऊ नये.

आता मनापासून एक कबुली. वर सांगितलेलं सगळं पाळूनही पोट बिघडू शकतं. जोखमीच्या प्रदेशांत दोन आठवड्यांच्या मुक्कामात ठिकाण आणि हंगामानुसार ३० ते ७० टक्के प्रवाशांना जुलाब होतात. यात बहुतेकदा जिवाणू असतात, त्यांतही विष तयार करणारे ई. कोलाय पुढे. खाण्यातली काळजी जोखीम कमी करते, पुरती पुसत नाही, कारण स्वयंपाकघर आपल्या हातात नसतं. आपल्या हातात असतात ते आपले हात. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने धुवा. सॅनिटायझर सोय म्हणून ठीक आहे, मात्र जहाजांवर आणि हॉटेलांत साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

म्हणून बॅगेत सगळ्यात वर जलसंजीवनीची पाकिटं ठेवा, प्रत्येकी निदान सहा. अँटिबायोटिकबद्दल सगळे विचारतात, हिच्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं, आणि मला याचं नेहमी वाईट वाटतं. जुलाबात माणूस दगावतो तो बहुधा जंतूने नव्हे, अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. आतड्याला सूज असली तरी साखर आणि मीठ एकमेकांच्या सोबतीने आतड्याच्या भिंतीतून आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. ही वाट जुलाबातही उघडी राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उसळली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आजच्या पाकिटात एका लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. पाकीट जेवढ्या पाण्यासाठी असेल तेवढ्याच सुरक्षित पाण्यात कालवा. घट्ट केलं तर जुलाब वाढतात, पातळ केलं तर उपयोग होत नाही. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. शीतपेयांत साखर फार जास्त आणि मीठ नगण्य असतं, त्यांवर विसंबू नका.

मुलीला प्रत्येक पातळ शौचानंतर १०० ते २०० मिलिलिटर द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. एकदम पेलाभर दिलं तर ती परत ओकेल आणि तुम्ही घाबरून देणं बंद कराल, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. जेवण बंद करू नका. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी तिला देऊ नका. मोठ्यांनी लांबच्या बसप्रवासापुरती घेतली तर चालेल, पण शौचात रक्त किंवा आव असेल, ताप असेल तर तीही नको. अशा वेळी जंतू बाहेर पडणंच बरं.

वडिलांबद्दल जास्त बारकाईने सांगते. मधुमेही माणसं जलसंजीवनीतल्या साखरेला घाबरतात. ती साखर थोडी आहे आणि पाणी शोषलं जाण्यासाठी गरजेची आहे. शुगर तपासत राहा आणि पाजत राहा. खरी भीती त्यांच्या रोजच्या गोळ्यांची आहे. मेटफॉर्मिन, साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या, या अंगातलं पाणी कमी झालं असताना मूत्रपिंडाला किंवा रक्ताच्या आम्लतेला त्रास देऊ शकतात. जुलाब-वांत्या सुरू झाल्या तर कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन मात्र ‘आज काही खाल्लं नाही’ म्हणून परस्पर बंद करायचं नाही. ते हातातल्या बॅगेतच ठेवा, कारण विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठण्याची भीती असते. ॲसिडिटीची गोळी ते रोज घेत असतील तर तेही डॉक्टरांशी बोला. पोटातलं आम्ल ही जंतूंविरुद्धची पहिली भिंत आहे आणि ती गोळी ती भिंत खाली आणते.

सगळ्यांची औषधं मूळ पाकिटात ठेवा, सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि त्या देशात ती चालतात का हे दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. कोडीन, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी आणता येत नाहीत.

आता अँटिबायोटिक. तुम्ही आडवाटेला जाणार आहात आणि डॉक्टर दूर असेल, म्हणून मी एक कोर्स बरोबर देईन, बहुधा अझिथ्रोमायसिनचा. दक्षिण आणि आग्नेय आशियात सिप्रोफ्लॉक्सासिन या जुन्या गोळीला अनेक जंतू दाद देत नाहीत. ही गोळी कधी घ्यायची? जुलाबांनी अंथरुणाला खिळलात, शौचात रक्त आहे, सोबत ताप आहे, तेव्हा. दिवसातून तीन-चार वेळा पातळ होतं आहे आणि तुम्ही हिंडू-फिरू शकता, तर नाही. जिवाणूंचे साधे जुलाब तीन ते सात दिवसांत, विषाणूंचे दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. उगाच घेतलेलं अँटिबायोटिक आतड्यातले भले जंतू मारतं आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंना जागा करून देतं. ते जंतू तुमच्या पोटात बसून घरी येतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला पुढे लघवीचा संसर्ग झाला तर नेहमीचं औषध लागू पडत नाही. ‘प्रतिबंध म्हणून रोज एक’ असं तर कधीच नको. आणि गोळी घेण्याआधीच दवाखाना गाठायचा अशा वेळाही ओळखून ठेवा: सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी, पाण्याचा थेंबही टिकत नाही, पोटात एकाच जागी थांबून राहिलेली कळ.

लसींसाठी निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी प्रवास-वैद्यकाच्या डॉक्टरांकडे जा. बहुतेक कुटुंबं माझ्याकडे निघण्याच्या चार दिवस आधी येतात आणि मग अर्धं राहून जातं. अन्नपाण्यातून येणारी ‘ए’ प्रकारची कावीळ आणि विषमज्वर या दोन्हींवर लस आहे. विषमज्वराचं इंजेक्शन निदान दोन आठवडे आधी घ्यावं. पीतज्वराच्या देशांतून जाणार असाल तर लशीचं प्रमाणपत्र टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे जुनं पिवळं पुस्तक फेकू नका. ही लस जिवंत जंतूंची आहे, साठीनंतर तिचा धोका थोडा वाढतो, म्हणून वडिलांसाठी तो मार्ग खरोखर गरजेचा आहे का हे आधी ठरवा. मुलीच्या गोवरच्या लशी पूर्ण आहेत ना, तेही पाहा.

गावांत कुत्री, माकडं असतील. मुलगी त्यांच्याकडे हात नेणारच, तर तिला आधीच समजावा. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. प्रवास संपेपर्यंत थांबू नका. डासांसाठी २० ते ५० टक्के डीईईटी असलेलं मलम लावा, आधी सनस्क्रीन आणि वर हे. मुलीला तुमच्या हातांनी लावा, तिच्या तळहातांना नको. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि हिवतापाचा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, म्हणजे सुट्टी कुठल्याच वेळी नाही. हिवतापाचा प्रदेश असेल तर प्रतिबंधाच्या गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, कोणत्या गोळ्या आहेत त्यावर एक आठवडा किंवा चार आठवडे. घरी पोचल्यावर लोक त्या हमखास सोडतात.

त्याचंच एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. एक तरुण परतल्यावर अकराव्या दिवशी तापाने आजारी पडला. दोन ठिकाणी दाखवून आला, दोन्हीकडे फ्लूची औषधं मिळाली, कारण कुठे गेला होता हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. माझ्याकडे आला तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि बोलणं असंबद्ध. फाल्सिपेरम हिवताप होता, म्हणजे हिवतापाचा सगळ्यात जीवघेणा प्रकार. तो वाचला, पण आठवडाभर अतिदक्षता विभागात होता. पहिल्या दिवशी बोटाच्या टोकावरून रक्ताचा एक थेंब तपासला असता तर यातलं काही झालं नसतं.

म्हणून परतल्यावर पहिले तीन महिने, आणि तसं पाहिलं तर वर्षभर, ताप आला की अंगावर काढू नका. त्याच दिवशी जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मी अमक्या देशात जाऊन आलो.’ जुलाब दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर शौचाची तपासणी करून घ्या, तिथे जिआर्डियासारखे परजीवी सापडतात. ते शरीरात गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी त्रास देऊ लागतात, त्यामुळे लोकांना प्रवासाशी संबंध लावता येत नाही. आणि रोज रात्री फोनवर एक ओळ लिहून ठेवा: आज कुठे मुक्काम, काय खाल्लं, डास चावले का. तापात पडलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत, आणि मला सगळ्यात आधी तारखाच विचाराव्या लागतात.